टिटवीखालची खाट

फोन आला तेव्हा भाऊजी एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसले होते.

"आपल्या मातोश्रींची प्रकृती एकदम बिघडली आहे," इस्पितळाचे व्यवस्थापक बोलत होते. "टिटवीची खाट ना त्यांची? लगेच निघा. आम्ही कळवलं नाही, असं मागाहून म्हणू नका."

भाऊजींच्या हातातला चिमटा गळून पडला. जगाची घड्याळं वेळेवर आणणारे हे गृहस्थ स्वतः मात्र प्रत्येक गोष्टीला उशिरा पोचत. आज ते दुकान उघडं टाकून मागच्या खोलीकडे धावले. तिथे त्यांच्या थोरल्या वहिनींचं कार्यालय होतं. दारावर 'खासगी तपास' एवढीच पाटी होती.

"वहिनी, आई..."

वहिनींनी एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पर्स उचलली आणि रिक्षा थांबवायला रस्त्यावर गेल्यासुद्धा.

वाटेत भाऊजींच्या मनात नाही नाही ते येत होतं. कालच आईने पेरू मागितला होता आणि ते विसरले होते. आता पेरू घेऊन काय करायचं, असा विचार आला आणि त्यांनी रिक्षावाल्याला आणखी घाई करायला सांगितलं.

हृदयविकाराच्या वॉर्डात प्रत्येक खाटेच्या डोक्यावर भिंतीवर एकेक पक्षी रंगवलेला होता. मैना, खंड्या, सुतार, भारद्वाज. रोग्यांना जरा बरं वाटावं म्हणून. कोपऱ्यातल्या खाटेवर लांब पिवळ्या पायांची टिटवी होती. भाऊजी डोळे मिटूनच तिथवर गेले.

"अरे, असा पांढराफटक का पडलायस?"

आई उशीला टेकून बसली होती आणि चहात बिस्कीट बुडवत होती.

भाऊजी तिच्या पायाशी बसले. त्यांना रडू आवरेना. आईला वाटलं, दुकानात चोरी झाली.

समोरच्या खाटेभोवती मात्र पडदा ओढला होता. आत डॉक्टरीणबाईंचा दबका आवाज येत होता आणि टपालखात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा कण्हत होते. पडदा बाजूला करून सिस्टर बाहेर आल्या. या वॉर्डाच्या त्या मुख्य परिचारिका.

"वाचले," त्या म्हणाल्या. "पण थोडक्यात. मी चादर बदलायला गेले म्हणून दिसलं. औषधाचा पंप भरधाव सुटला होता आणि यंत्र मुकाट बसलं होतं! एरवी जरा खुट्ट झालं की कोकलतं ते."

"पण मला फोन आला की टिटवीवर..." भाऊजी म्हणाले.

"टिटवीच ती!" सिस्टरनी आजोबांच्या उशाशी असलेलं चाकांवरचं यंत्र दाखवलं. त्याच्या पडद्यावर बारीक अक्षरांत खरंच 'टिटवी' लिहिलेलं होतं. "चित्रं भिंतीवर, यंत्रं चाकांवर, नावं मात्र तीच. परवा आजोबांचं यंत्र बिघडलं. आजींची तब्येत सुधारलेली, म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजींचं चांगलं यंत्र तिकडे द्या. मी आणि कॉम्प्युटरवाल्या मास्तरांनी ढकलत नेलं. आजींना भांडारातलं जुनं लावलं."

"घुबड!" आई कुरकुरली. "मेल्यांनी माझ्या उशाशी घुबड आणून ठेवलंय."

"म्हणजे मी उगाच घाबरलो," भाऊजींनी घाम पुसला. "चित्राची टिटवी आणि यंत्राची टिटवी, माझा घोटाळा झाला."

वहिनींनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचा घोटाळा झाला खरा, भाऊजी. पण उगाच नाही." मग त्या सासूबाईंजवळ बसल्या. "आई, गेल्या आठवड्यात दुपारी शेजारच्या मैनेखालच्या बाई गेल्या, तेव्हा तुम्ही जाग्या होतात ना?"

"जागीच होते. मी याला सांगितलं होतं, पण हा माझं ऐकतो थोडंच! त्यांचं यंत्र ओरडत होतं. सिस्टर पलीकडच्या टोकाला होत्या, त्या निघाल्यासुद्धा. तेवढ्यात यंत्र गप्प झालं. कुणी हात लावला नाही ग त्याला! आपोआप गप्प झालं. सिस्टरना वाटलं बरं वाटलं असेल, त्या परत फिरल्या. आणि मग ती बाई गेली."

भाऊजींनी मान खाली घातली. आईला भास होतात असं तेव्हा त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं होतं.

"आणखी कुणाला सांगितलंत?"

"सगळ्यांना! त्याच दिवशी व्यवस्थापक साहेब वॉर्डात आले, त्यांना सांगितलं. उद्या त्या बाईच्या मृत्यूची चौकशी करायला समितीची माणसं यायची आहेत, त्यांनाही सांगणार आहे."

वहिनी उठल्या. पडद्याआड जाऊन डॉक्टरीणबाईंच्या आणि सिस्टरच्या कानाला लागल्या. थोड्या वेळाने सिस्टर स्टीलचा एक रिकामा मग घेऊन आल्या, आईच्या हाताशी काहीतरी खटपट केली आणि वर जाड पांघरूण ओढलं. यंत्रातून निघालेली नळी पांघरुणाखाली दिसेनाशी झाली.

"हात गार पडलाय त्यांचा," वहिनी म्हणाल्या. "आणि भाऊजी, आईंच्या यंत्राचं नाव घुबड आहे, हे कुणाकुणाला म्हणून सांगू नका."

"मी कशाला सांगतोय!" भाऊजी दुखावल्या सुरात म्हणाले.

जिन्याखालच्या खोलीत मास्तर डोकं धरून बसले होते. इस्पितळातले सगळे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या या बुटक्या माणसाला मास्तर हे नाव कुणी दिलं कोण जाणे, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाई, मी काही केलेलं नाही. पण टिटवीत शिरून पंप वाढवला तो माझ्या नावाने. आवाज बंद केला तोही माझ्याच नावाने. साहेबांनी पोलिसांना बोलावलंय. माझी मुलगी अजून शाळेत आहे हो!"

"शिरून म्हणजे? इथे बसून?"

"हो. वॉर्डातली सगळी यंत्रं म्हणजे कॉम्प्युटरच. पूर्वी प्रत्येकात शिरायला वेगळा पासवर्ड टाकावा लागायचा. एवढ्या यंत्रांचे पासवर्ड टाकून बोटं झिजली. म्हणून मी बिनपासवर्डाची सोय केली."

भाऊजींना काही उमजलं नाही. "पासवर्ड नाही, मग दार सताड उघडंच की."

"नाही हो. त्यात एक जोडी असते. एक कुलूप, एक किल्ली. दोन्ही म्हणजे साध्या फायलीच. कुलूप प्रत्येक यंत्रावर बसवायचं. किल्ली आपल्याकडे. मग यंत्र काही विचारत नाही, किल्ली ओळखतं आणि आत घेतं. नोंद होते ती किल्लीवाल्याच्या नावाने."

"आणि कुलूप एवढ्या यंत्रांवर बसवलंत कसं?" वहिनींनी विचारलं.

मास्तरांचा चेहरा क्षणभर खुलला. "एका झटक्यात! फोल्डर उचलला आणि एका आज्ञेत सगळीकडे पाठवला. खाटांची यंत्रं, सिस्टरचं टेबल, डॉक्टरीणबाईंची खोली, वर साहेबांचं कार्यालय. साहेबांना टेबलावरूनच सगळा वॉर्ड दिसायला हवा होता. मीच त्यांना दाखवलं, बघा साहेब, काही विचारतसुद्धा नाही."

"अख्खा फोल्डर?"

"अख्खा. एकेक फाईल कोण निवडत बसणार?"

वहिनींनी नुसतं 'हं' केलं. "साहेबांना त्यांच्या टेबलावर काय दिसतं?"

"पक्ष्यांची नावं आणि दिवे. ठीक असेल तर हिरवा, धोका असेल तर लाल. पण यंत्राचा आवाज कुणी बंद केला, की दिवाही हिरवाच राहतो. आज तसंच झालं."

"खाटेवर कोण आहे ते?"

"ते भरतीच्या कागदांवर. कुठल्या चित्राखाली कोण, तेवढंच."

"मग ही कुलपं आत्ताच्या आत्ता काढा की!" भाऊजी म्हणाले. त्यांना एकदम जाणवलं होतं, की ज्याने हे केलं तो इथेच कुठेतरी बसला होता आणि सगळी दारं अजून त्याला उघडी होती.

"साहेबांनी सक्त मनाई केलीय. म्हणतात, पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, पुरावा नष्ट होईल."

"एक शेवटचं," वहिनी म्हणाल्या. "आजोबांचं कळल्यावर साहेबांना कुणी कळवलं?"

"मी नाही. सिस्टरनी मला हाक मारली, मी यंत्र पाहिलं आणि तसाच डॉक्टरीणबाईंना आणायला धावलो. साहेब जिन्यातच भेटले, खाली येत होते. सिस्टरनी सांगितलं असेल."

सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी आजोबांना सोडून हललेच नाही. मास्तरांनीच सांगितलं असणार." डॉक्टरीणबाई कोरडेपणाने म्हणाल्या, "मला मास्तर फक्त 'चला लवकर' म्हणाले. मी साहेबांशी बोललेली नाही. मैनेच्या प्रकरणापासून आमचं बोलणंच बंद आहे. माझ्या रोग्याचं यंत्र का ओरडलं नाही, हे मी त्यांना लेखी विचारलंय."

"त्या दुपारी साहेब कुठे होते?"

"वर. देणगीदार पाहुणे आले होते, त्यांना चहा देत होते. कार्यालय बरोबर वॉर्डाच्या डोक्यावर आहे. यंत्रं ओरडली की छपरातून वर ऐकू जातं, अशी त्यांची कायमची तक्रार असते."

"ती बाई गेल्यावर नातेवाइकांनी साहेबांना वॉर्डातच घेरलं," सिस्टर म्हणाल्या. "आम्हाला कुणी कळवलं का नाही, म्हणून. तेव्हापासून साहेबांनी वॉर्डात पाय ठेवलेला नाही. आजही दारातूनच परत फिरले. आणि तेव्हापासून त्यांचा नियम झालाय, आधी घरच्यांना फोन, मग बाकीचं."

व्यवस्थापकांचं कार्यालय गार आणि स्वच्छ होतं. साहेबांनी दोघांना बसवलं, पाणी मागवलं. बोलणं अगदी मिठ्ठास.

"चुकून तुम्हाला घाबरवलं, माफ करा," ते भाऊजींना म्हणाले. "टिटवी म्हटल्यावर मला आपल्या मातोश्रीच आठवल्या."

"साहजिक आहे, माझंही तसंच झालं," भाऊजी म्हणाले.

"आपल्याला कुणी सांगितलं?" वहिनींनी विचारलं.

"सिस्टरनी... की मास्तरांनी? गडबडीत कोण लक्षात ठेवतं, मॅडम! पोलीस येतच आहेत. मास्तर माणूस वाईट नाही, पण किल्ली त्यांची, नाव त्यांचं. मी तरी काय करणार?"

वहिनी उठल्या. "मला सगळ्यांना एकदा एकत्र विचारायचंय. मास्तर, सिस्टर, डॉक्टरीणबाई, तिघांनाही आईंच्या खाटेशी बोलावते. भाऊजी, पाणी संपवून या तुम्ही."

दार बंद झालं. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या डोळ्यांत काळजी होती.

"आजींना आता नीट यंत्र लावलंय ना? या लोकांचा काही भरवसा नाही. मी स्वतः लक्ष ठेवतो इथून. कुठलं दिलंय त्यांना?"

आईची एवढी आस्थेने चौकशी करणाऱ्या माणसाला उत्तर न देणं भाऊजींच्या स्वभावात नव्हतं.

"घुबड," ते म्हणाले. "फार नाराज आहे ती त्या घुबडावर." आणि आभार मानून बाहेर पडले.

जिना उतरताना मध्यावर त्यांचे पाय थांबले. वहिनींनी बजावलं होतं. कुणाकुणाला म्हणून सांगू नका. पण साहेब म्हणजे कुणी परके का? ते तर इथले... साहेबांच्या टेबलावर कॉम्प्युटर होता. मास्तरांनी फोल्डर तिथेही पाठवला होता.

भाऊजींचं धाबं दणाणलं. उरलेला जिना ते कसे उतरले ते त्यांनाच कळलं नाही.

वॉर्डात सगळे आईच्या खाटेशी उभे होते. मास्तर, सिस्टर, डॉक्टरीणबाई, वहिनी. आई डोळे मिटून पडली होती. उशाशी घुबड मुकाट होतं. हिरवा दिवा शांत जळत होता. आणि त्याच्याखाली पंपाच्या काचेत औषधाचे थेंब पडत नव्हते, त्यांची धार लागली होती.

"आई!"

भाऊजींनी झेप घेऊन पांघरूण ओढलं. नळी हातातून उपसायला त्यांनी हात घातला, तर आईचा हात मोकळाच होता. सुई नाही, काही नाही. नळीचं टोक आईच्या कुशीशी ठेवलेल्या स्टीलच्या मगात सोडलेलं होतं आणि तो तुडुंब भरत आला होता.

आईने डोळे उघडले. "अरे, किती दचकवतोस!"

भाऊजी वहिनींकडे वळले. "मी सांगितलं, वहिनी. साहेबांना. घुबड म्हणून. मीच सांगितलं."

"तुम्ही सांगणार हे मला ठाऊक होतं," वहिनी म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता, आवाज मात्र स्थिर होता. "तुम्हाला सांगू नका म्हटलं की ती गोष्ट गावभर होते, भाऊजी. त्यावरच तर मी सगळं सोडलं होतं. रागवा हवं तर, पण सुई काढल्याशिवाय मी तुम्हाला वर नेलं नसतं."

पोलीस मास्तरांना न्यायला आले ते साहेबांना पुढे घालूनच. साहेब दारातच थबकले. खाटेवर बसलेली आई त्यांच्याकडे बघत होती.

"या, साहेब," वहिनी म्हणाल्या. "आत या. बऱ्याच दिवसांनी येताय."

मग त्या मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, चूक तुमची आहे, पण ती वेगळीच. कुलूप तेवढं वाटायचं, किल्ली आपल्यापाशी ठेवायची. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये होती आणि तुम्ही अख्खा फोल्डर पाठवलात. कुलपाबरोबर किल्लीही घरोघर पोचवलीत. ज्याच्या टेबलावर ती पडली, तो मास्तरांच्या नावाने कुठेही शिरू शकतो."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"असे तिघे होते. सिस्टर, डॉक्टरीणबाई आणि साहेब. मास्तर धरले तर चौघे. आता मला एकच कोडं होतं. आजोबांचा जीव घ्यायचा कुणाला? त्यांचं कुणाशीच वाकडं नाही. याचं उत्तर भाऊजींनी दिलं."

"मी?" भाऊजी दचकले.

"सकाळी टिटवी म्हटल्यावर तुम्ही चित्राखाली धावलात. हे करणाऱ्यानेही तेच केलं. टिटवीखाली आई आहेत असं समजून तो टिटवीच्या यंत्रात शिरला, पण यंत्र गेलं होतं आजोबांकडे. ही अदलाबदल डॉक्टरीणबाईंनी सांगितली, सिस्टर आणि मास्तरांनी केली. तिघांनाही ठाऊक. ज्याने वॉर्डात पाय ठेवला नव्हता, तोच चुकला."

"हे नुसते तर्क आहेत!" साहेब म्हणाले. "हेदेखील चुकले, मीही चुकलो. मला निरोप मिळाला..."

"कुणाचा? सिस्टर म्हणतात मास्तरांचा, मास्तर म्हणतात सिस्टरचा. प्रत्यक्षात कुणाचाच नाही. तुमच्या टेबलावर दिवा हिरवा होता. तरी तुम्ही आमच्या घरी फोन केलात, आईंची प्रकृती बिघडली म्हणून. नियम केला होता ना, आधी घरच्यांना कळवायचं. साहेब, कुणी सांगितलं नाही तरी तुम्हाला कळलं, आणि कळलं तेही चुकीचं. ती बातमी नव्हतीच. तो तुमचा बेत होता."

यंत्रांची बारीक टिकटिक तेवढी चालू होती.

"आईने काय बिघडवलं होतं तुमचं?" भाऊजींनी विचारलं.

"त्यांनी ऐकलं होतं," वहिनी म्हणाल्या. "मैनेचं यंत्र ओरडता ओरडता आपोआप गप्प झालं, ते. उद्या त्या समितीला सांगणार होत्या. आणि आत्ता घुबडात जो शिरला, त्याला घुबडाचं नाव भाऊजींनी सांगितलं. बाकी तिघे माझ्या नजरेसमोर होते."

साहेबांनी खाटेचा दांडा धरला. ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

"त्या बाईला मारायचं नव्हतं मला," ते म्हणाले. "पाहुणे बसले होते. वर्षभर मी त्यांच्या मागे होतो. खालून ते यंत्र ओरडत होतं, ओरडतच होतं. ती रोज ओरडतात, कशालाही ओरडतात! म्हटलं, चहा होईपर्यंत गप्प करू. काही विचारलंच नाही त्याने. पासवर्ड मागितला असता तरी मी थांबलो असतो."

"पहिल्या वेळी थांबला असतात कदाचित," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज दोनदा कोण थांबवणार होतं तुम्हाला?"

पोलीस त्यांना घेऊन गेले.

मास्तर एकेका यंत्रापाशी जाऊन पूर्वीसारखे पासवर्ड बसवू लागले. काम रेंगाळत चाललं होतं, पण कुणीच त्यांना घाई केली नाही. सिस्टरनी आईच्या हाताला पुन्हा सुई लावली, आणि भाऊजी त्या थेंबांकडे टक लावून बसले. एक पडला की दुसरा पडेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागे. वहिनींनी घरी चला म्हटलं तर ते जागचे हलले नाहीत.

"आई," बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मी त्या डॉक्टरांना सांगितलं होतं, तुला भास होतात म्हणून."

"ठाऊक आहे मला. मी जागीच होते." आईने त्यांच्या हातावर हात ठेवला. "आता जा, पेरू घेऊन ये. काल विसरलास तो."

भाऊजी उठले. दारापर्यंत गेले असतील नसतील, मागे मैनेखालचं यंत्र एकदम कोकलायला लागलं. सिस्टर धावल्या. नव्या रोग्याच्या बोटावरचा चिमटा निसटला होता, एवढंच. त्यांनी तो परत बसवला आणि यंत्र गप्प झालं.

भाऊजी मात्र दारातून परत आले, मैनेखालच्या खाटेपाशी गेले आणि तो अनोळखी माणूस श्वास घेतोय ना, हे वाकून पाहू लागले.